आधी बॅकअप, मग वीज, शेवटी वेग

‘कॉम्प्युटर फारच स्लो झालाय, जरा विंडोज मारून द्या.’ नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य नेहमीचे आहे. दुकानदार विचारतो, ‘यात काही डेटा आहे का?’ गिऱ्हाईक सांगते, ‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे.’ संध्याकाळी कॉम्प्युटर घरी येतो आणि झटपट सुरू होतो. सगळे खूश होतात. चार दिवसांनी साखरपुड्याचे फोटो शोधायला बसल्यावर लक्षात येते, की ते डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये होते. डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये आणि विंडोज नव्याने टाकताना पुसला जातो तो नेमका सी ड्राइव्ह.

घरचा कॉम्प्युटर हळू चालतो ही तक्रार सगळेच करतात. पण हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरने कुणाचे फार मोठे नुकसान होत नाही. नुकसान होते ते आतला मजकूर गेल्यावर. सातबारा आणि दाखल्यांचे स्कॅन, दुकानाचा टॅलीतला हिशेब, नीटच्या तयारीच्या नोट्स, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला सादर करायचा प्रबंध, आता हयात नसलेल्या आजोबांचे फोटो. कॉम्प्युटर दुसरा घेता येतो, यातले बरेच काही पुन्हा मिळत नाही. म्हणून या यंत्राची निगा राखताना क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी बॅकअप, मग वीज, मग उष्णता आणि शेवटी वेग. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो.

एका कपाटाचे दोन कप्पे

‘डी ड्राइव्हला ठेवले आहे’ हा सर्वांत मोठा गैरसमज. बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये डिस्क एकच असते. सी आणि डी हे तिचेच दोन भाग, म्हणजे एकाच कपाटाचे दोन कप्पे. विंडोज नव्याने टाकताना दुसरा कप्पा वाचतो हे खरे. पण डिस्क बिघडली, वीज कडाडून मदरबोर्डसह जळाली किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर दोन्ही कप्पे एकदमच जातात.

बॅकअपसाठी जगभर वापरला जाणारा ठोकताळा ‘३-२-१’ असा आहे. अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. कॉम्प्युटरमधली मूळ फाइल ही पहिली प्रत, बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवरची दुसरी आणि इंटरनेटवरच्या खात्यात किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवलेली तिसरी.

लातूरकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात सगळे पाणी एकाच भांड्यात ठेवण्याची चूक कुणी करत नाही. गच्चीवरची टाकी, अंगणातला हौद, मोरीतला ड्रम, अशी साठवण वाटलेली असते. एक गळले तरी दुसरे असते.

तिसरी प्रत घराबाहेर का, याचे उत्तरही याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली दगड-मातीची घरे कोसळली, हजारो माणसे गेली आणि घरात जे काही होते ते घराबरोबर गाडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात पुराचे पाणी गावांत शिरले. अशा वेळी कॉम्प्युटर आणि शेजारच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क यांचे नशीब एकच असते. एका छपराखालच्या दोन प्रती आगीपुढे, पुरापुढे आणि चोरापुढे एकच ठरतात.

विंडोजमध्ये यासाठी ‘फाइल हिस्ट्री’ ही सोय आधीपासूनच आहे आणि ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाहेरची डिस्क जोडून ती एकदा सुरू केली, की डिस्क जोडलेली असेपर्यंत दर तासाला बदललेल्या फाइलची नवी प्रत घेतली जाते आणि जुन्या प्रतीही राहतात. मात्र ती आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या ठरावीक जागाच बघते. डी ड्राइव्हमधला फोल्डर तिच्या यादीत मुद्दाम जोडावा लागतो. हे जमत नसेल, तर आठवड्यातून एकदा महत्त्वाचे फोल्डर हाताने कॉपी केले तरी चालते. काम झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम जोडलेली डिस्क विजेच्या एका झटक्यात कॉम्प्युटरबरोबरच जळू शकते. शिवाय फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्कपर्यंत पोचतो.

इंटरनेटवरच्या खात्यांबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली जागेची. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी आणि गुगलच्या खात्यात १५ जीबी असते. एका लग्नाच्या फोटोंनीही ती भरू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही खाती फाइली ‘जुळवून’ ठेवतात. कॉम्प्युटरवर फाइल पुसली, की खात्यातूनही पुसली जाते. ती कचरापेटीत साधारण ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. जुळवणी हा बॅकअपचा एक भाग झाला, पूर्ण बॅकअप नव्हे.

पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. त्यातली माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे वीज न मिळता गरम कपाटात पडून राहिल्यास हा भार हळूहळू ओसरतो. फायली इकडून तिकडे नेण्यासाठी पेनड्राइव्ह ठीक आहे, जपून ठेवण्यासाठी नाही.

नव्या विंडोज ११ च्या अनेक कॉम्प्युटरमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. मदरबोर्ड जळाला आणि डिस्क शाबूत राहिली, तरी ४८ अंकी ‘रिकव्हरी की’शिवाय आतले काही वाचता येत नाही. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती आजच शोधून कागदावर लिहावी आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी. शेवटचे म्हणजे, जो बॅकअप कधी उघडून बघितला नाही तो आहे असे धरू नये. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवरच्या चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहाव्यात.

लाइट जाते तेव्हा आत काय होते

वळवाच्या पावसाचे ढग दाटले, की मराठवाड्यात लाइट कधीही जाते. कधी डीपीवर बिघाड होतो, कधी एक फेज जातो. पंखा थांबण्याआधी कॉम्प्युटर बंद पडलेला असतो. त्या क्षणी न साठवलेला मजकूर जातो, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण ‘सेव्ह’ केलेलेही जाऊ शकते. वेग वाढवण्यासाठी विंडोज आणि डिस्क दोघेही नवा मजकूर काही काळ तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि मग डिस्कवर उतरवतात. त्या मधल्या काळात वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते. विंडोजची एनटीएफएस ही फाइल ठेवण्याची पद्धत बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे डिस्कची रचना बहुधा सावरली जाते. पण ती नोंदवही रचनेची असते, मजकुराची नाही. घराचा क्रमांक शाबूत आणि आतले सामान गायब, असा तो प्रकार असतो.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचे दुखणे आणखी वेगळे. तिची चकती मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असते. अचानक वीज गेली, की फिरत्या चकतीत उरलेल्या ऊर्जेवर ते टोक घाईने बाजूला घेतले जाते. अशी घाई वारंवार झाली, की झीज वाढते. लाइट परत येण्याचा क्षणही तितकाच घातक असतो. त्या वेळी दाब क्षणात वर-खाली होतो. म्हणून लाइट गेल्यावर कॉम्प्युटरचे बटण बोर्डावरच बंद करावे आणि लाइट आल्यावर दोन-चार मिनिटे थांबूनच सुरू करावे.

डेस्कटॉपला यूपीएस ही चैन नव्हे, गरज आहे. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास ऊर्जा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून शंभर वॉट खात असतील, तर पन्नास मिनिटे मिळायला हवीत असे वाटते. पण अशी बॅटरी वेगाने रिकामी केली, की पूर्ण ऊर्जा देत नाही आणि काही ऊर्जा रूपांतरात जाते. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटे धरावीत. ती काम चालू ठेवण्यासाठी नसतात. फाइल साठवून कॉम्प्युटर नीट बंद करण्यासाठी असतात. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर कधीच लावू नये, तो क्षणभर फार मोठा भार घेतो.

‘घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?’ हा नेहमीचा प्रश्न. उत्तर मिलिसेकंदांत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण एका आवर्तनाहून थोडा कमी काळ विजेविना तग धरतो. इन्व्हर्टरने त्याआधी वीज दिली तर कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. उशीर झाला तर तो बंद पडतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे बटण असते. त्यावर कॉम्प्युटर चालवायचा असेल, तर ते ‘यूपीएस’वर हवे.

काम अर्धवट ठेवून उठताना अनेक जण ‘स्लीप’ करतात. स्लीपमध्ये उघडे काम रॅममध्ये राहते आणि रॅमला सतत वीज लागते. ‘हायबरनेट’मध्ये तेच काम डिस्कवर लिहून कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो. बेभरवशाच्या विजेला हायबरनेटच योग्य. बंद करण्याच्या यादीत ते दिसत नसेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ते सुरू करता येते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात, हा अनुभवही अनेकांचा आहे. ‘थोडा करंट मारतो’ म्हणून तो सोडून दिला जातो. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल, तर त्यांच्यातून पत्र्यावर अल्प प्रवाह येतो. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नसल्याची खूण आणि अर्थिंग नसेल, तर झटका शोषणारा स्पाइक गार्डही पुरते काम करू शकत नाही. थ्री-पिनची जाड पिन तोडणे किंवा टू-पिनचा जोड लावणे म्हणूनच धोक्याचे. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुन्या वायरमनची सवय शास्त्राला धरूनच आहे.

आकाशातल्या विजेपुढे मात्र यूपीएस, स्पाइक गार्ड कुणाचेच चालत नाही. बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण एवढ्या दाबाला बटणातली छोटी फट ओलांडता येते. पिनच बोर्डातून काढावी. तांब्याच्या तारेचा इंटरनेट किंवा केबल जोड असेल, तर तोही काढावा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण तिच्या राउटरचा अडॅप्टर बोर्डातच असतो. हे सगळे ढग डोक्यावर येण्याआधी करावे. कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये. आसपास वीज पडत असल्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ते जिवासाठी आहेच, यंत्रासाठीही उपयोगी पडते.

चाळिशीतला पारा आणि तापलेली चिप

एप्रिल-मेमध्ये नांदेड आणि लातूरमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. चिप थंड होते ती खोलीच्या हवेने. खोली १५ अंशांनी तापली, तर चिपही साधारण तेवढीच अधिक तापते. ठरावीक मर्यादेला पोचल्यावर ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी ‘स्लो’ झालेला कॉम्प्युटर कदाचित बिघडलेला नसतो, तापलेला असतो. त्यावर विंडोज मारणे हा इलाज नव्हे.

इलाज साधा आहे. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नये. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून आतली धूळ ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाजवीपेक्षा जास्त वेगाने फिरून बिघडते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, खालच्या फटी बंद होतात. कूलर खोलीत असायला हरकत नाही, पण त्याच्या थेट झोतात कॉम्प्युटर नको. झोताबरोबर येणाऱ्या तुषारांत बोअरच्या पाण्याचे क्षार असतात.

उष्णतेचा फटका बॅटरीलाही बसतो. यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून ती पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावू नये. लॅपटॉपची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत एकाच वेळी राहिली, की लवकर म्हातारी होते. लॅपटॉप सतत चार्जरवर असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्या देतात. ती सुरू करावी. बॅटरी फुगल्याचे दिसले, तर लॅपटॉप वापरणे लगेच थांबवावे.

वेग: विकत घेण्याआधी बघण्याच्या गोष्टी

एवढे झाल्यावर वेगाकडे वळता येते. पहिला उपाय फुकट आहे, ‘रीस्टार्ट’. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर सहसा सगळे पुसले जात नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि तोच परत उचलते. त्यामुळे रोज बंद करूनही कॉम्प्युटर आतून अनेक दिवस ‘जागा’च असतो. पूर्ण नवी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते. आठवड्यातून एकदा ते करावे.

दुसरा उपाय म्हणजे नाडी बघणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांजवळ आहे ते दिसते. मेमरी भरलेली असेल, तर रॅम वाढवल्याने फरक पडेल. डिस्क सतत शंभरवर असेल, तर रॅम वाढवून फारसा उपयोग नाही. त्याच खिडकीत ‘स्टार्टअप ॲप्स’ असा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणारे, पण रोज न लागणारे प्रोग्रॅम तिथून बंद करता येतात. ‘एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ म्हणणारी साफसफाईची सॉफ्टवेअर टाळावीत. त्यांचे काम विंडोजच्या सेटिंग्जमधला ‘स्टोरेज’ विभाग करतो.

पाच-सात वर्षे जुन्या कॉम्प्युटरमध्ये खरा अडसर बहुधा फिरती हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, साधारण चार मिलिसेकंद वाट बघावी लागते. टोक सरकण्याचा वेळ धरला, तर इकडे-तिकडे विखुरलेली माहिती ती सेकंदाला जेमतेम शंभर वेळा उचलू शकते. एसएसडीत फिरणारे काही नसते. तेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. म्हणून नवा कॉम्प्युटर घेण्याआधी एसएसडी बसवून बघावी. मात्र एसएसडी बिघडते तेव्हा अनेकदा पूर्वसूचना देत नाही आणि तिच्यातून माहिती परत काढणे कठीण असते. जुनी डिस्क निदान कटकट आवाज करून सांगते. वेग वाढला, की बॅकअपची गरज वाढते ती अशी.

आणखी एक गोष्ट तारखेची आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वेगळी नोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय ठेवण्यात आली. अपडेट त्रासदायक वाटले, तरी ते टाळू नयेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा ती फट बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते अडकले. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नसेल आणि अपडेटही मिळत नसतील, तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

दर वर्षी ३१ मार्च हा ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो आर्थिक वर्ष संपण्याचा दिवस. दुकानाचा हिशेब बंद करताना त्याची एक प्रत दुसऱ्या गावी पाठवण्याची आठवण त्यातून आपोआप राहते. पण घरच्या फोटोंसाठी मार्चची वाट बघण्याचे कारण नाही, येत्या रविवारचा एक तास पुरतो. मग पुढच्या वेळी दुकानदाराने ‘यात काही डेटा आहे का?’ असे विचारले, तर शांतपणे उत्तर देता येईल, ‘आहे. पण याच्याशिवाय आणखी दोन ठिकाणी आहे.’